खडूच्या रेषेमागे बारा तास

मिस्त्रींच्या गॅरेजला पाटी नव्हती. पाव भाजणाऱ्याचे दुकान आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्याची खोली यांच्या मधोमध हिरव्या पत्र्याचा एक दुहेरी दरवाजा होता. तो सताड उघडा असला तर मिस्त्री उभे आहेत आणि अर्धवट ओढलेला असला तर ते कोणत्यातरी गाडीखाली आडवे आहेत, एवढे ज्ञान त्या रस्त्याला पुरेसे होते. आत पाऊल टाकताच जुन्या तेलाचा, रबराचा आणि तापून निवालेल्या लोखंडाचा संमिश्र गंध येई. समोरच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगाने रेखलेली होती. पाना जागेवर नसला की त्याची धवल छाया तेवढी भिंतीवर उरे. आज तिथे काचेच्या दाराचे औषधांचे दुकान आहे. तरीही त्या रस्त्याने जाताना नाक सवयीने तो गंध शोधते, आणि तो न मिळाल्याने अंमळ हिरमुसते.

मिस्त्रींचा देह किरकोळ, मान किंचित पुढे झुकलेली, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. हात मात्र एखाद्या धिप्पाड पूर्वजाकडून उसने आणल्यासारखे. इंजिनाच्या पोटाशी ते लाकडी काठीचे एक टोक टेकवत, दुसरे कानाशी धरत, डोळे मिटत. आणि ज्या अवयवाला व्याधी जडलेली असे, त्याच्यापाशी थेट हात नेत. ते निदान शब्दांत सांगणे त्यांना साधत नसे. गिऱ्हाइकाने विचारावे, "काय झालं होतं हो?" आणि उत्तर यावे, "ते जरा त्याला लागत होतं. आता नाही लागत." गिऱ्हाईक समाधानाने निघून जाई, कारण गाडी चालू झालेली असे.

या हातांत एकच दोष होता. दुसऱ्याचे काम त्यांना पाहवत नसे. हाताखाली शिकायला आलेला माणूस पाना फिरवू लागला की तिसऱ्या वळशाला मिस्त्रींचा हात पुढे होई, पाना काढून घेई आणि काम पुरे करून टाकी.

"मिस्त्री, मला शिकायचंय."

"मग बघ ना."

"बघूनच तर वर्ष गेलं!"

असे म्हणून कित्येक जण आले तसे गेले. मिस्त्रींच्या पत्नी म्हणत, "यांच्यासमोर सुईत दोरा ओवायची सोय नाही. धड ओवूही देत नाहीत, ओवूनच देतात."

मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, चष्म्यांचे दुकान चालवीत. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलून "आता कसं? आता कसं?" विचारणाऱ्या या सौम्य गृहस्थाला वेगाचे विलक्षण वेड होते. भंगाराच्या एका आवारात त्यांना गर्द निळ्या रंगाची जुनी स्पोर्ट्स कार सापडली. दोघांपुरती, छप्पर नसलेली, जमिनीलगत बसलेली, बॉनेटला कातडी पट्टा असलेली ती गाडी मेहुण्या-मेहुण्यांनी चार वर्षे सुट्टीच्या दिवशी खपून पुन्हा उभी केली. मग दाजींच्या मनाने घेतले की हिच्या गटातला बारा तासांचा विक्रम मोडायचा.

असा विक्रम म्हणजे कोणाशी शर्यत नव्हे. शहराबाहेर एका कारखान्याचा गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला अंडाकृती रस्ता होता. एक फेरी चार किलोमीटरांची. त्या रस्त्यावर गाडीने एकटीने, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, गरगर फिरत राहायचे आणि किती अंतर कापले ते मोजायचे. तिच्या जातीच्या जुन्या गाड्यांपैकी एकीने पूर्वी तीनशे अठ्ठ्याण्णव फेऱ्या केल्या होत्या. तो आकडा ओलांडायचा, एवढेच.

यातला एक नियम मोठा कठोर होता. बाहेरच्या माणसांनी गाडीला पेट्रोल, तेल, पाणी आणि टायर एवढेच द्यायचे. बाकी काही बिघडले तर चालकाने ते आपल्याच हाताने, गाडीत सोबत घेतलेल्याच हत्यारांनी आणि सुट्या भागांनी दुरुस्त करायचे. एरवी इतर कोणाचा हात गाडीला लागला, तर सगळा प्रयत्न रद्द. तोंडाने सांगायला मात्र मुभा होती.

दाजींच्या त्या पहिल्या प्रयत्नात, नवव्या तासाला, पाण्याच्या नळीची पकड सैल झाली. दाजी रस्त्याकडेच्या थांब्यावर येऊन खाली वाकले आणि पेचकस फिरवू लागले. मिस्त्री शेजारीच उभे होते. नळी निसटते आहे हे त्यांनी पाहिले, आणि दाजींना समजण्यापूर्वी त्यांचा तळवा नळीवर दाबलेला होता. क्षणार्धाचाच स्पर्श तो. निरीक्षक तेव्हा नुकतेच त्या कामावर लागलेले तरुण गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ पाहिले, वहीत एक शब्द लिहिला आणि वही मिटली. शब्द होता 'रद्द'.

दाजी रागावले नाहीत. गाडी घरामागच्या छपरीत गेली आणि ताडपत्रीखाली एकतीस वर्षे निजली. पण त्यानंतर घरात कधीही जेवायला बसले आणि मिस्त्रींनी भाजीच्या भांड्याकडे हात नेला, की दाजी मिशीत हसत म्हणत, "अहो मेहुणे, हात आवरा! रद्द होईल!" सगळे हसत. मिस्त्रीही हसत, आणि हात मागे घेत. एकदा त्यांच्या ताईने नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावून बजावले, "पुरे करा आता ते. त्या दिवशी तो पानावरून अर्धपोटी उठला." त्यानंतर थट्टा थांबली. परंतु थांबलेल्या थट्टेचे मौन थट्टेहून अवजड असते, आणि मिस्त्री पुढे बहिणीकडे जेवायला जायचे टाळू लागले.

ताडपत्री दूर केली ती दाजींच्या मुलीने. मिस्त्रींची ही भाची शहराच्या बससेवेत चालक होती. खांद्याने रुंद, बोलायला तिखट, आणि सिग्नलला मध्येच घुसणाऱ्या मोटारींना नुसत्या नजरेने मागे सारण्यात वाकबगार. चाचणीचा रस्ता पुढच्या वर्षी उखडून तिथे गोदामे होणार, ही बातमी तिने वाचली आणि दुसऱ्याच दिवशी ती हिरव्या दरवाज्यात उभी राहिली.

"मामा, निळी बाहेर काढायची."

"विकायची?"

"पळवायची. बारा तास. रस्ता जाण्याआधी."

मिस्त्री बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. "चालवणार कोण? दाजी पंच्याहत्तरीला आले."

"मी."

"बारा तास एकटी?"

"मामा, मी रोज आठ तास चालवते, आणि मागं साठ माणसं भांडत असतात. इथं तर मागं कुणीच नाही. ही सुट्टीच झाली."

"मग मला कशाला विचारतेस?"

"इंजीन तुम्ही बांधायचं. आणि त्या दिवशी तुम्ही तिथं यायचं."

इंजिनाला मिस्त्रींनी होकार दिला. येण्याला दिला नाही. सात महिने त्यांनी त्या इंजिनावर जी तपश्चर्या केली ती पाहणाऱ्यांच्या स्मरणात अजून आहे. प्रत्येक भाग सुटा करून, पांढऱ्या कापडावर मांडून, जणू प्राणप्रतिष्ठाच करायची आहे अशा अवधानाने त्यांनी तो पुन्हा जागी बसवला. भाची पाळी संपवून येई आणि शेजारी बसे. तिने पाना उचलला की तो काढून घेतला जाई. पण तिच्याशी एक पंचाईत होती. ती सोडत नसे. एकाच पान्याला दोन टोकांनी धरून मामा-भाची खेचाखेची करीत आहेत, हे दृश्य पाव भाजणाऱ्याने स्वतः पाहिले होते.

"अहो मामा, त्या दिवशी मलाच करावं लागणार आहे सगळं!"

"तेव्हा कर की."

"तेव्हा काय आकाशातून येईल?"

शेवटी ताईच आली. तिने भावाला सरळच सांगितले, "तू नाही आलास तर पोरगी जाईल, पण ह्यांचं म्हणणं तू ऐकावंस. ते म्हणतात, मिस्त्री आला तरच मी खुर्ची घेऊन जाईन."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "ताई, पुन्हा हात गेला तर?"

"तर जाईल. पण घरी बसलास तर गेल्यातच जमा आहे."

पुन्हा संधी मिळणार नव्हती. त्या दिवशी कागदावर काहीतरी ग्राह्य उमटले तर मिस्त्रींच्या मनावरचा तो एका शब्दाचा शिक्का पुसला जाणार होता. नाही तर तो शिक्का घेऊनच त्यांना पुढचे आयुष्य काढायचे होते. मिस्त्री गेले.

पहाटेचे धुके ओसरत असताना निरीक्षक आले. तेच, आता केस पिकलेले आणि निवृत्तीला चार महिने उरलेले. त्यांनी लोखंडी टेबल मांडले, दोन घड्याळे शेजारी ठेवली, वही उघडली. मग खिशातून खडू काढून थांब्याच्या सिमेंटवर एक लांब सरळ रेषा ओढली.

"ही कशाला?" दाजींनी घडीची खुर्ची उलगडत विचारले. "नियमात रेषा नाही."

"नाही." निरीक्षक हात झटकत म्हणाले. "ही नियमासाठी नाही. ही मिस्त्रींसाठी."

मिस्त्री रेषेमागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "बरं झालं," ते म्हणाले. "दिसायला सोपं पडतं."

सहाच्या ठोक्याला शिटी वाजली आणि निळी गाडी निघाली. पहिल्या काही फेऱ्या सर्वांनी उभ्याने पाहिल्या, नंतर बसून. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना त्याचे वर्णन सांगावे लागत नाही, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. दूरच्या वळणावर तो मधमाश्यांच्या गुंजनासारखा बारीक होई, सरळ रस्त्याला लागताच भरून येई, समोरून जाताना छातीच्या पिंजऱ्यात घुमे आणि पुन्हा विरत जाई. एका फेरीला एकशे सहा सेकंद, क्वचित एकशे पाच. भाचीने बसच्या वेळापत्रकाप्रमाणे फेरी धरली होती. मिस्त्री डोळे मिटून ऐकत. आज काठीची गरज नव्हती; अख्खा रस्ताच त्यांची काठी झाला होता.

दुपारपर्यंत ती दोनदा पेट्रोलला थांबली. थांब्यावर ताईने लेकीच्या तोंडात उकडलेले अंडे कोंबले.

"पाणी दे, आई! अंडं घशात अडकून रेकॉर्ड गेलं तर लोक काय म्हणतील?"

दोन वाजायला आले तेव्हा दाजी बोटांवर हिशेब करून म्हणाले, "असंच राहिलं तर आठ फेऱ्यांनी मोडतोय, मिस्त्री. आठ!"  मिस्त्रींची मान एका बाजूला कलली होती. "एक कमी झाला," ते पुटपुटले.

"काय कमी झाला?"

"आवाज. दोन होते, एकच येतोय."

त्या गाडीला दोन कार्ब्युरेटर होते, म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारी दोन तोंडे. त्यांना एकत्र उघडणारी एक बारीक दांडी होती. तिच्या टोकाचा नट थरथरून सैल झाला होता आणि दुसरे तोंड उघडतच नव्हते. दोनशे शहात्तर फेऱ्या झाल्या होत्या, दोन वाजून दहा मिनिटे. भाची गाडी थांब्यावर घेऊन आली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कातडी पट्टा सोडून बॉनेट उघडले. आतून तप्त हवेचा लोट उसळला.

"मामा, ओढत नाहीये. कुठं बघू?"

मिस्त्रींचे हात पाठीमागे एकमेकांत असे गुंतले की बोटे पांढरी पडली. "ते बघ. त्याच्या खालचं ते."

"ते म्हणजे कोणतं? मामा, गाडीत सगळंच 'ते' आहे!"

"ते गं! जे त्याला धरतं!"

"नावं घ्या! हात नाहीत तर तोंड वापरा!"

आणि मग एक नवल घडले. आयुष्यभर ज्या वस्तूंना हातानेच ओळखले त्यांना मिस्त्री एकेक करून शब्द देऊ लागले. अडखळत, घामाघूम होत, बालकाने प्रथमच पायऱ्या उतराव्यात तसे. "डाव्या हाताला दोन पितळी भांडी आहेत, दिसली? त्यांच्या मधून काडीएवढी दांडी जाते. तुझ्याकडचं टोक लोंबतंय का?"

"लोंबतंय!"

"त्यावर नट होता. खालच्या तबकात पडला असेल. चाचप."

"सापडला!"

"आता दांडी वर उचल, भोकात घाल, नट बोटानंच बसव. पाना नको. बोटानं दोन वळसे, मग पाना."

भाचीची बोटे तेलाने माखलेली. तिने नट टेकवला, एक वळसा दिला, आणि तो निसटला. सांगाड्यावर टणकन आपटून तो सिमेंटवर आला, गोल फिरत खडूची रेषा ओलांडून गेला आणि मिस्त्रींच्या बुटाला लागून आडवा पडला.

यंत्रावर काम करणाऱ्याला जमिनीवर पडलेला नट दिसला तर तो उचलतो. त्यात विचार नसतो. तो वाकतो, उचलतो, विजारीला पुसतो, आणि हात पुढच्या कामाला मोकळे राहावेत म्हणून नट ओठांत धरतो. मिस्त्रींनी हे सगळे केले आणि पुन्हा हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आपण काय केले हे त्यांना ओठांवर लोखंडाची चव आली तेव्हा कळले.

निरीक्षक पाठमोरे होते. ते थांबण्याची वेळ वहीत टिपीत होते. भाचीचे डोके बॉनेटखाली. "मामा, कुठं पडला तो? आवाज तुमच्याकडं गेला." मामा बोलेनात. बोलण्याची जी एकमेव मुभा होती, तिच्याच दारावर त्यांनी नट बसवला होता. "मामा? अहो, बोला की!"

पाहिले होते एकट्या दाजींनी. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "टाक खाली. रेषेपलीकडं टाक. कुणी बघितलं नाही."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिले. ज्या माणसाचा विक्रम त्यांच्या हाताने गेला होता, तोच माणूस सांगत होता. नट टाकायला अर्धा क्षण लागला असता; तो लोळत आलाच होता, लोळत परत गेला असता. मिस्त्री वळले, टेबलापाशी गेले आणि ओठांतून काढून तो ओला नट उघड्या वहीशेजारी ठेवला.

"हा गाडीचा," ते म्हणाले. "रेषेच्या अलीकडं आला. मी उचलला."

निरीक्षकांनी नटाकडे पाहिले, मग मिस्त्रींकडे, मग नियमांची पुस्तिका काढून चष्मा चढवला. ते वाचन एक मिनिट चालले असेल; दाजींना ते एका ऋतूइतके लांब वाटले.

"गाडीला हात लागला का?"

"नाही."

"मग रद्द होत नाही." निरीक्षकांनी पुस्तिका मिटली. "पण तुम्ही उचलला तेव्हा तो बाहेरचा झाला. तो आता गाडीत परत जाणार नाही. गाडीत असेल त्यातूनच दुसरा."

भाची बॉनेटमधून बाहेर आली. कपाळावर तेलाचा पट्टा. तिने ऐकले होते. "मामा! दुसरा या मापाचा सोबत घेतलेला नाहीये! काय केलंत हे?"

"ऐक."

"नुसता लाथेनं ढकलला असतात तरी चाललं असतं!"

"ऐक म्हणतो ना! पुढचा उजवा दिवा. त्याच्या मागं, पत्र्याच्या आतून, याच मापाचा नट आहे. दिवसा दिवा कशाला हवाय? तो काढ."

दिव्याचा नट तीन दशकांच्या गंजाने जागी रुजला होता. तो नऊ मिनिटांनी सुटला. मिस्त्री रेषेच्या काठावर उभे राहून सांगत होते; आवाज चढवला नाही, घाई केली नाही. "जोर लावू नकोस, नटाच्या कडा झिजतील. आधी थोडा घट्ट कर. हो, उलटा. घट्ट केल्याशिवाय गंज तुटत नाही. आता सोड. पुन्हा घट्ट. पुन्हा सोड." सैल झालेला दिवा वाटेत टाकता येईना, तिने तो शेजारच्या रिकाम्या बैठकीत ठेवून पट्ट्याने बांधला. एखादा गोल चेहऱ्याचा प्रवासी बसवावा तसा. या वेळी दुसरा नट बोटाने दोन वळसे गेला, मग पान्याने.

थांब्यावर एकूण सतरा मिनिटे गेली होती. गाडी निघाली तेव्हा पुन्हा दोन आवाज होते.

पुढचे साडेतीन तास दाजी फेऱ्या मोजत राहिले. भाचीने फेरी एकशे चार सेकंदांवर आणली आणि तिथे रोवून धरली. त्याहून वेगात इंजिनाची सुई मिस्त्रींनी काचेवर रंगवलेल्या तांबड्या खुणेपलीकडे जात होती, आणि खुणेपलीकडे जायचे नाही हे तिने कबूल केले होते. पाच वाजता दाजींनी विचारले, "फळा दाखवू का? 'जोरात' म्हणून?"

"दाखवा," मिस्त्री म्हणाले, "पण ती ऐकणार नाही. आणि ऐकलं तर इंजीन ऐकणार नाही."

दाजींनी फळा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग रस्त्याकडेच पाहत ते म्हणाले, "मी तुला टाक म्हणालो. म्हणायला नको होतं."

"मलाही टाकावासा वाटला, दाजी."

"मग?"

"एकदा तुमचा गेला माझ्यामुळं. हा मिळाला असता, तर तोही माझ्याच लबाडीमुळं मिळाला असता. तो तुम्हाला कसा देऊ?"

सहाला पाच कमी असताना सूर्य रस्त्याच्या टोकाशी आला. निरीक्षक दोन्ही घड्याळे हातात घेऊन उभे राहिले. सव्वा मिनिट उरले असता निळी समोरून गेली, तीनशे सत्त्याण्णव. ती लांबच्या वळणात शिरली, पलीकडच्या सरळ रस्त्यावर आली आणि तिथे असतानाच शिटी वाजली. फेरी पुरी व्हायला तीस सेकंद हवे होते. निरीक्षकांनी खांबांवरून अंतर मोजले, आकडेमोड केली, आणि वहीत लिहून मोठ्याने वाचले, "पंधराशे नव्वद किलोमीटर आणि पाऊण. जुन्या विक्रमाला सव्वा किलोमीटर कमी." मग त्यांनी शेवटच्या रकान्यात एक शब्द लिहिला आणि वही फिरवून मिस्त्रींसमोर धरली.

शब्द होता 'ग्राह्य'. मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

गाडी मंद होत थांब्यावर आली. इंजीन बंद झाले आणि बारा तासांनी प्रथमच पक्ष्यांचा आवाज ऐकू आला. तापलेले लोखंड टिकटिक करीत निवू लागले. भाची उतरेना.

"काय गं?" ताईने विचारले.

"बोटं उघडत नाहीयेत."

तिचे दोन्ही हात सुकाणूचक्राभोवती वळलेले, तसेच आवळून गेले होते. मिस्त्री रेषेपाशी आले आणि थबकले. "ओलांडू का?" त्यांनी निरीक्षकांना विचारले.

"वेळ संपली, मिस्त्री. आता काय विचारता?"

"विचारलेलं बरं."

ते रेषा ओलांडून गेले. बॉनेटजवळून पुढे गेले. ते उघडून पाहिलेही नाही. दाराशी गुडघ्यावर बसून त्यांनी भाचीच्या उजव्या हाताची करंगळी आपल्या दोन तळव्यांत धरली आणि ऊब देत राहिले. ओढली नाही. आधी किंचित आत दाबली, मग सोडली. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. मग अनामिका. मग मधले बोट. दाजी खुर्ची सोडून जवळ आले होते आणि पाहत होते.

"किती कमी पडलं?" तिने विचारले.

"सव्वा किलोमीटर."

"त्या नटाचं."

"त्या नटाचं," मिस्त्री म्हणाले. "रागावलीस?"

"तेव्हा रागावले होते. फार." तिने उजवा हात हळूच उघडून पाहिला, मिटला, पुन्हा उघडला. "तुम्ही गप्प उभे राहिलात ना, मला वाटलं गिळला तुम्ही. म्हटलं, आता मामांचं पोट फाडून गाडीला लावावा लागतो की काय. निरीक्षक म्हणाले असते, बाहेरचाच!"

प्रथम ताई हसली. मग दाजी असे हसले की त्यांना गाडीच्या दाराचा आधार घ्यावा लागला. मिस्त्रींनाही हसू आवरेना. पण त्यांनी मान वर केली नाही, कारण डाव्या हाताची पाचही बोटे अजून उघडायची होती, आणि ते काम घाईचे नव्हते.